त्याला उचलून परत आणता येईल का, हे आधी ठरवा

पत्र : आमचा ब्रूनो सहा वर्षांचा लॅब्रॅडॉर असून त्याचे वजन 31 किलो आहे. रोज सकाळ-संध्याकाळ तो माझ्याबरोबर अर्धा-पाऊण तास फिरतो. पुढच्या महिन्यात मी आणि माझा मित्र त्याला घेऊन एका आडबाजूच्या धबधब्यापर्यंत एका दिवसाचा ट्रेक करण्याच्या विचारात आहोत. एका बाजूचे अंतर 7 किलोमीटर, चढ साधारण 500 मीटर आणि शेवटचा किलोमीटर ओढ्याच्या पात्रातल्या मोठमोठ्या दगडांवरून आहे. वाटेवर फोनला रेंज नाही आणि जिथे गाडी ठेवायची तिथून सर्वांत जवळचा पशुवैद्य दीड तासावर आहे. ब्रूनोला पाणी दिसले की तो कोणाचे ऐकत नाही. मित्र म्हणतो, कुत्रा मुळात रानातलाच, त्याला मोकळा सोड. आणि वाटभर ओढा आहे, तेव्हा पाण्याचे ओझेही नको. पत्नीचा त्याला नेण्यालाच विरोध आहे. काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपण पत्रात सगळे तपशील प्रामाणिकपणे दिले आहेत, त्यामुळे मलाही आडपडदा न ठेवता उत्तर देता येईल. ब्रूनोला रानवाटेवर नेण्याची आपली इच्छा मला मनापासून पटते. नव्या वासांनी भरलेल्या वाटेवर नाक जमिनीला लावून, शेपूट वर करून चालणारा कुत्रा पाहिला की घरातल्या त्याच्या रोजच्या आयुष्यात किती थोडे घडते, हे आपल्याला जाणवते. परंतु ज्या वाटेचे आपण वर्णन केले आहे, त्या वाटेवर, पुढच्याच महिन्यात आणि थेट धबधब्यापर्यंत त्याला नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याच वाटेवर पहिले तीन-चार किलोमीटर जाऊन परतावे. पुढचा टप्पा त्याची तयारी झाल्यावर.

माझ्या मते अशा वेळी एकच प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा : सर्वांत लांबच्या ठिकाणी पोहोचल्यावर कुत्र्याला एकही पाऊल टाकता आले नाही, तर आपण दोघे त्याला उचलून गाडीपर्यंत आणू शकतो का? 31 किलोचे जिवंत वजन, जे घाबरलेले आहे, वेदनेत आहे आणि हातांतून निसटू पाहते आहे, ते दगडांवरून एक किलोमीटर आणि नंतर पाऊलवाटेने सहा किलोमीटर उतरवायचे आहे. या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ येईल, तेवढ्याच अंतरापर्यंत जावे.

हे मी पुस्तकी काळजीपोटी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या 22 किलो वजनाच्या कुत्रीबरोबर मी एका ओढ्याकाठच्या वाटेने परतत होतो. ती पुढे चालत होती, मध्येच थांबून मागे पाहत होती, शेपूट हलत होती. सहज माझे लक्ष खाली गेले, तर कोरड्या दगडांवर तिच्या पावलांचे ओले ठसे उमटले होते आणि त्यांतला दर चौथा ठसा लाल होता. तिला बसवून उजवा मागचा पंजा उलटा करून पाहिला. मधल्या मोठ्या गादीचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा एका बाजूने सुटून लोंबत होता आणि त्याखालचे गुलाबी मांस वाळूने माखले होते. मागे वळून ठसे मोजत गेलो, तर ती तशाच पायाने निदान दोनशे पावले चालली होती, न लंगडता आणि न कण्हता. मी पट्टी बांधली, पण पाच-सात मिनिटांत ती ओली होऊन सरकली. उरलेले चार किलोमीटर मी आणि माझ्या सोबत्याने तिला पावसाळी जाकिटाच्या झोळीत घालून आणले. त्याला साडेतीन तास लागले आणि शेवटचा एक तास अंधारात गेला. ती ब्रूनोपेक्षा नऊ किलोंनी हलकी होती आणि जखम फक्त पंजाची होती.

मला त्या दिवशी कळले ते हे, की कुत्रा आपल्याला सांगत नाही. आपण पुढे जात आहोत एवढे त्याला पुरते. पाय दुखो, दम लागो, अंग तापो, तो मागोमाग येत राहतो आणि मग एकदम बसतो. बसल्यावर मात्र त्याला उठवता येत नाही. म्हणून कुठे थांबायचे आणि कुठून परतायचे, हा निर्णय त्याच्या उत्साहावर सोपवू नका; तो घरातून निघण्यापूर्वी घ्या आणि मित्रालाही तो मान्य करायला लावा.

आता अंतराचे पाहू. ब्रूनो दिवसभरात सपाट रस्त्यावर फार तर पाच-सहा किलोमीटर चालतो, तोही दोन वेळांत विभागून. आपण त्याला एका दिवसात 14 किलोमीटर आणि 500 मीटरचा चढ-उतार करायला लावणार आहात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये चालण्याच्या वेळेचा एक ढोबळ नियम सांगितला होता : दर 5 किलोमीटरला एक तास आणि त्यावर दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने आपल्याला जातानाच सव्वादोन तास लागतात; आणि हा हिशेब बऱ्या वाटेने न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. कुत्र्याला दर अर्ध्या तासाने सावलीत थांबवणे, पाणी पाजणे, पंजे तपासणे आणि दगडांवरचा तो शेवटचा किलोमीटर, हे सगळे धरले तर जाऊन-येऊन सात तासांच्या आत हा दिवस संपत नाही. आतापासून दर आठवड्याला एका फेरीचे अंतर थोडे थोडे वाढवत, त्यात चढ-उतार आणि खडबडीत जमीन आणत गेलात, तर सहा-आठ आठवड्यांत त्याचे स्नायू आणि पंजांच्या गाद्या दोन्ही तयार होतील. घरातल्या गुळगुळीत फरशीवर आणि डांबरी रस्त्यावर वाढलेला पंजा धारदार कातळासाठी घट्ट झालेला नसतो; मित्राच्या ‘मुळात रानातला’ या युक्तिवादाला माझे एवढेच उत्तर आहे. शिवाय लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचे दोष बरेच आढळतात आणि सहाव्या वर्षी ते आतल्या आत वाढत असू शकतात. तयारी सुरू करण्यापूर्वी पशुवैद्याकडून सांधे आणि हृदय तपासून घ्या. वजन आटोक्यात आहे का, हेही तिथेच विचारा. बरगड्या हाताला सहज लागत नसतील, तर ट्रेकच्या आधी वजन उतरवणे हेच पहिले काम आहे.

दगडांच्या टप्प्याबद्दल मला विशेष भीती वाटते. उभ्या कुत्र्याच्या शरीराचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि उतारावर तो आणखी पुढे सरकतो. त्यामुळे जो कुत्रा कमरेएवढ्या दगडावर झेप घेऊन सहज चढतो, तोच परतताना त्याच दगडाच्या कडेशी उभा राहून रडतो, किंवा उडी मारतो आणि खांदा दुखावून घेतो. दोन दगडांच्या फटीत पाय अडकून मोडणे ही तर नेहमीची दुखापत आहे. ओल्या कातळावरच्या शेवाळावर नखे रुतत नाहीत; उलट घसरू लागल्यावर कुत्रा नखांनी जोर लावतो आणि नख मुळापासून उखडते. हा टप्पा ब्रूनोसाठी या वर्षी वगळलात, तर त्याचे काहीही बिघडणार नाही. त्याला धबधबा पाहायचा नसतो. त्याला आपल्याबरोबर चालायचे असते.

आता उष्णता. हिच्यामुळे कुत्री गमावली जातात, म्हणून इथे जरा थांबतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांतून थोडासा येतो, पण शरीर थंड ठेवण्याचे मुख्य साधन म्हणजे धापा टाकणे. जिभेवरचा आणि श्वसनमार्गातला ओलावा हवेत उडून गेला की रक्त थंड होते. हवाच दमट असेल, तर तो ओलावा उडत नाही. धबधब्याच्या बंद घळीत वारा पडलेला असतो, हवेत तुषार असतात, आपल्याला गार वाटते आणि ब्रूनो मात्र कितीही धापा टाकल्या तरी थंड होत नाही. सूर्य ढगाआड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असते. ते 41 अंशांपुढे गेले की मेंदू, मूत्रपिंडे, आतडी आणि रक्त गोठण्याची क्रिया अशा सगळ्यांनाच इजा होऊ लागते. चपट्या नाकाच्या जातींना हा धोका कितीतरी अधिक असतो. पग किंवा बुलडॉग असता, तर मी आपल्याला सरळ नाही म्हटले असते. पण जाड आवरणाचा, अंगाने भरलेला आणि थांबायचे माहीत नसलेला लॅब्रॅडॉरही फारसा सुरक्षित नाही.

यासाठी ब्रूनोची जीभ पाहायला शिका. साध्या दमलेल्या कुत्र्याची जीभ बाहेर असते, पण तिचा आकार नेहमीचा असतो. तापलेल्या कुत्र्याची जीभ लांब लोंबते आणि टोकाला फावड्यासारखी रुंद व चपटी होते, कडा किंचित वर वळतात, ओठ मागे ताणले जातात आणि लाळ घट्ट, चिकट होते. वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा आणि सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. ही तपासणी आजपासून घरी रोज करा, म्हणजे त्याचा नेहमीचा रंग आपल्या डोळ्यांत बसेल आणि त्यालाही तोंड हाताळून घ्यायची सवय होईल. सावलीत दहा मिनिटे बसूनही धाप कमी होत नसेल, तर तिथूनच परतायचे. हिरड्या लालभडक किंवा फिक्या झाल्या, तोल जाऊ लागला, उलटी झाली किंवा तो हाकेला ओ देईनासा झाला, तर जागचे हलण्याआधी त्याला थंड करायला लागा : सावलीत घ्या, मान, पोट आणि मांड्यांच्या आतल्या बाजूंसह सगळ्या अंगावर गार पाणी सतत ओतत राहा आणि टोपीने किंवा पाठपिशवीने वारा घाला. ओला टॉवेल अंगावर तसाच पांघरून ठेवू नका, त्याने उष्णता कोंडते. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका. गुदद्वारात ठेवायचा साधा डिजिटल थर्मामीटर बरोबर असेल, तर 39.5 अंशांच्या आसपास आल्यावर पाणी ओतणे थांबवा, नाहीतर तापमान गरजेपेक्षा खाली घसरते. त्यानंतर तो उठून शेपूट हलवू लागला, तरी पशुवैद्याकडे न्यायचेच, कारण आतल्या अवयवांची इजा एक-दोन दिवसांनीही दिसू शकते.

‘वाटभर ओढा आहे, पाणी कशाला’ या मित्राच्या सल्ल्याशी मी मुळीच सहमत नाही. घरी बसलेल्या कुत्र्यालाही दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 50 ते 60 मिलिलीटर पाणी लागते. म्हणजे ब्रूनोला काहीही न करता साधारण 1.5 ते 1.9 लिटर. चढावर ही गरज बरीच वाढते. त्याच्या एकट्यासाठी तीन लिटर पाणी आणि घडी होणारे भांडे घ्या आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडे थोडे पाजा. तहानेने ओढ्याकडे धावणारा कुत्रा आणि तहान भागलेला कुत्रा यांच्या वागण्यात पडणारा फरक आपल्याला पहिल्याच तासात दिसेल. ओढ्याच्या पाण्यात लेप्टोस्पायरा हे जिवाणू असू शकतात. उंदीर, गुरे आणि रानजनावरांच्या मूत्रातून ते साचलेल्या पाण्यात आणि चिखलात येतात, कुत्र्याच्या मूत्रपिंडांवर व यकृतावर हल्ला करतात आणि कुत्र्याकडून माणसालाही बाधतात. याची लस असते. ब्रूनोला ती पूर्वी दिलेली नसेल, तर पहिल्या वेळी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि पुढे दरवर्षी एक, म्हणजे हेही पुढच्या महिन्याच्या आत उरकणारे काम नाही. साचलेल्या डबक्यावर हिरवट-निळसर रंग सांडल्यासारखा थर दिसला, तर त्याला त्या पाण्यात पायही बुडवू देऊ नका. त्यातल्या सायनोबॅक्टेरिया या निळ्या-हिरव्या जिवाणूंचे विष काही तासांत कुत्र्याचा जीव घेऊ शकते आणि त्यावर उतारा नाही.

धबधब्याच्या डोहाबद्दल आपण थेट विचारले नाहीत, पण ‘पाणी दिसले की तो कोणाचे ऐकत नाही’ या आपल्या वाक्याने मी सर्वांत जास्त अस्वस्थ झालो. लॅब्रॅडॉर उत्तम पोहतो, पण शांत पाण्यात. धबधबा पडतो तिथले पांढरे फेसाळ पाणी हवेने भरलेले असते आणि त्यात शरीर नेहमीसारखे तरंगत नाही. वरून पडणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा धारेकडे वळते आणि पोहणाऱ्याला तिथेच फिरवत ठेवते. पुढे ओढा अरुंद झाला की वाहत्या पाण्याचा दाब पात्रातल्या फांदीवर किंवा कातळाखालच्या कपारीत जनावराला दाबून धरतो. हे कुत्र्याला कळत नाही आणि काठावर उभ्या असलेल्या माणसालाही बहुधा दिसत नाही. दूर डोंगरमाथ्यावर पाऊस झाला, तर आपल्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी वाढते. पाणी गढूळ होणे, पाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागणे, आवाज बदलून जड होणे, यांपैकी काहीही जाणवले तर सामान गोळा करत न बसता लगेच पात्राबाहेर, उंचावर जा.

आणि एक विनंती हात जोडून करतो. ब्रूनो धारेत सापडला, तर त्याच्यामागे उडी मारू नका. कुत्रा अनेकदा खालच्या बाजूला कुठेतरी स्वतःच काठाला लागतो आणि त्याला वाचवायला गेलेला माणूस बुडतो, अशा घटना पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. काठाने खाली धावा, त्याला हाका मारत राहा, पाणी संथ होते तिथे त्याला गाठा. ही वेळच येऊ नये, म्हणून पाण्याजवळ तो दोरीवरच हवा.

म्हणजे मोकळे सोडायचे की नाही, या प्रश्नाचे उत्तर आलेच. ‘ये’ म्हटल्यावर ससा दिसत असतानाही वळून येणारा कुत्राच मोकळा सोडता येतो आणि ब्रूनो तसा नाही, हे आपणच लिहिले आहे. मोकळा कुत्रा हरणामागे, माकडांमागे धावतो, जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी तुडवतो, सापाच्या अंगावर जातो आणि बिबट्यासारखे जनावर असलेल्या रानात स्वतःच शिकार ठरतो. अनेक राष्ट्रीय उद्यानांत आणि अभयारण्यांत कुत्र्यांना मुळीच प्रवेश नसतो. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग रानमांजरे, कोल्हे आणि वाघांपर्यंतही पोहोचतो, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. ही वाट अशा हद्दीतून जाते का, हे वनखात्याकडे आधी विचारा. छातीवर इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा बसणारा आणि पाठीवर मूठ असलेला हार्नेस घ्या, त्याला दीड-दोन मीटरची साधी दोरी लावा. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी नको. ती हातात धरा. कड्याच्या कडेला किंवा ओल्या कातळावर ती कमरेला बांधू नका, कारण त्याचा पाय घसरला तर आपणही जाल.

पिशवीत काय असावे, हे थोडक्यात सांगतो. कापसाची घडी, जाळीदार पट्टी आणि स्वतःला चिकटणारी बँडेज, जखम धुण्यासाठी सलाइनची बाटली, चिमटा, पंजावर चढवायचे दोन मोजे आणि कुत्रा पाठीवर घेता येईल अशी मजबूत झोळी. ही झोळी घरी वापरून पाहा : ब्रूनोला तिच्यात घालून तुम्ही दोघे आळीपाळीने किती वेळ चालू शकता, हे एका संध्याकाळी घड्याळ लावून मोजा. मी वर विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे मिळेल. माणसांची वेदनाशामके, म्हणजे आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल, त्याला मुळीच देऊ नका. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काही न करता त्याला चालू न देता उचलून न्या. त्याच्या गळ्यात फोन नंबर असलेला बिल्ला हवा. कोणत्या वाटेने जात आहात आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा, हे घरी लिहून ठेवा. शिट्टीही जवळ ठेवा : एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता आणि पुन्हा सहा वेळा, ही संकटाची खूण डोंगरात फिरणाऱ्यांना कळते.

पत्नींच्या विरोधाबद्दल इतकेच म्हणेन, की त्यांची भीती रास्त आहे आणि तिचे उत्तर तयारीने देता येते. त्यांना हे उत्तर वाचायला द्या आणि कुठून परतायचे ते त्यांच्यासमक्ष नकाशावर खूण करून ठरवा. निघण्यापूर्वी दोन-तीन तास आधी ब्रूनोला हलके खाणे द्या, भरपेट नको. मोठ्या छातीच्या कुत्र्यांत भरल्या पोटी धावपळ झाल्यास पोट फुगून पीळ पडण्याची भीती असते. घरी परतल्यावर त्याला आडवे करून बोटांच्या बेचक्या, कानांच्या आतली बाजू, काखा आणि शेपटीखालची जागा दिव्याच्या उजेडात नीट पाहा. गोचीड दिसली, तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढा. तेल, रॉकेल किंवा चटका नको. पुढचे दोन-तीन आठवडे ताप, मरगळ, खाण्यावरची वासना जाणे किंवा गडद रंगाची लघवी दिसली, तर तो कोणत्या रानात गेला होता आणि कुठले पाणी प्यायला होता, हे पशुवैद्याला आपण होऊन सांगा.